मुक्काम : इयत्ता चौथी

वाशिम जिल्हा ‘पाहण्याची’ सर्वांत सोपी रीत म्हणजे गाडीत झोपून जाणं. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आणि तेव्हापासून कारंजा, शेलूबाजार, मालेगाव ही नावं प्रवाशाला ताशी १२० च्या वेगाने दिसतात आणि जातात. जुन्या रस्त्याला ही सोय नाही. तो रस्ता माणसाला जऊळक्यातून नेतो, किन्हीराजातून नेतो, गतिरोधकावर आपटतो आणि मग चहा पाजतो.

जऊळक्याला रेल्वे स्टेशनही आहे. इतकं आहे की गावाचं नाव ‘जऊळका रेल्वे’ असंच लिहितात. रेल्वे हे जणू गावाचं आडनाव. अकोला-पूर्णा हा मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. त्याआधी याच वाटेने मीटरगेजवरून जयपूर आणि काचीगुड्याच्या मध्ये मीनाक्षी एक्सप्रेस धावायची. म्हणजे राजस्थानातली माणसं वर्षानुवर्षं वाशिमच्या शिवारातून गेली. त्यांतला कोणी ‘वा, काय निसर्ग आहे’ म्हणून सामान घेऊन खाली उतरल्याची आठवण मात्र इकडे कोणी सांगत नाही.

अलीकडे तसा माणूस उतरू लागला आहे. तो पुण्या-मुंबईचा असतो, पाठीवर सॅक असते, आणि दोन दिवस मोकळ्या हवेत राहावं एवढीच त्याची इच्छा असते. पारावर बसलेल्यांना तो विचारतो, ‘‘इथे स्टे कुठे मिळेल?’’

‘‘स्टे? कोर्टात मियते ना भाऊ.’’

यात चेष्टा नसते. मालेगाव तालुक्यात स्टे म्हटलं की आधी बांधाचा वाद आठवतो, आणि मग शिरपूर जैन. तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन पंथांच्या वादात ती १९८१ पासून कुलपाआड होती, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ती कुलपं निघाली. ज्या तालुक्यात देवाला चार दशकं तारखा पडल्या, तिथे ‘स्टे’ हा शब्द सुट्टीशी जुळायला वेळ लागणारच.

तसं पाहिलं तर या जिल्ह्यात राहायची सोय कमी नाही, फक्त ती देवाच्या नावाने आहे. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, तिथे भक्तनिवास. शिरपूरला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी तर बंजारा समाजाची काशी. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्‌घाटन झालं. शेजारी अकोल्याच्या पलीकडे शेगाव, जिथल्या भक्तनिवासांची शिस्त पाहून भल्याभल्या हॉटेलवाल्यांनी चप्पल बाहेर काढावी. पण ज्याला देव नको, नुसता वारा हवा आहे, त्याला कुठल्या खोलीत ठेवायचं हा प्रश्न वऱ्हाडाला आजवर पडलाच नव्हता. केंद्र सरकारने २०१८ मध्ये महाराष्ट्रातले जे चार जिल्हे ‘आकांक्षित’ ठरवले, त्यांत वाशिम होता. आकांक्षांच्या यादीत लॉज कितव्या क्रमांकावर होतं, हे कोणी विचारू नये.

तरीही प्रत्येक गावात एक वसतिगृह असतंच. त्यावर पाटी वेगळी असते, एवढंच: जिल्हा परिषद प्राथमिक शाळा.

आणि यात गावंढळ काही नाही. जगातल्या युवा वसतिगृहांची सुरुवातच तशी झाली. रिचर्ड शिरमान नावाचे एक जर्मन शिक्षक २६ ऑगस्ट १९०९ रोजी मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळ आलं. एका गावातल्या शाळेत वर्ग रिकामा मिळाला, शेतकऱ्याने झोपायला गवताचा पेंढा दिला आणि प्यायला दूध. पोरं घोरत पडली, गुरुजी जागे राहिले आणि त्यांच्या मनात आलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तर गावोगावी अशी सोय का नसावी? पुढे १९१२ मध्ये आल्टेना इथल्या किल्ल्यात पहिलं वसतिगृह उघडलं आणि ही कल्पना जगभर गेली. वऱ्हाडातल्या कुठल्याही मुख्याध्यापकाला हा इतिहास सांगितला तर तो शांतपणे म्हणेल, ‘‘किल्ली शिपायाकडे आहे.’’

आपल्याकडे या वसतिगृहाचं सर्वांत निष्ठावान गिऱ्हाईक म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत ४० हजार स्वयंसेवकांनिशी सुरू झाली, आणि तिच्या नियमांत सात दिवसांचं निवासी शिबिर बसवलेलं आहे. कॉलेज एखादं गाव दत्तक घेतं. गावाला विचारतात, पण ते दत्तक मुलाला विचारतात तेवढंच. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांत थंडी पडली की कुठल्या ना कुठल्या गावात एक टेम्पो येतो. त्यातून गाद्या, स्वयंपाकाचे गंज, ढोलकी, बॅनर आणि पन्नासेक पोट्टे-पोट्टी उतरतात. बॅनरवर ‘ध्यास’ आणि ‘विकास’ हे दोन शब्द यमकापुरते असतातच.

मुलांचा मुक्काम इयत्ता चौथीच्या वर्गात, मुलींचा तिसरीच्या. बाकं भिंतीला लावली जातात. फळ्यावर आदल्या दिवसाचा सुविचार आणि पट तसाच राहतो: मुलं १४, मुली १७, हजर २६. डोक्यावर पाढे, पायाशी जगाचा नकाशा, आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकखाली झाकलेला प्रोजेक्टर. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेला तरुण आयुष्यात पहिल्यांदाच उताणा पडून एकोणतीसचा पाढा पूर्ण वाचतो.

पहाटे पाचला शिट्टी होते. डिसेंबरातल्या वाशिमच्या पहाटेला नुसती थंडी म्हणणं म्हणजे तिचा मान कमी करणं. बोअरचं पाणी मात्र जमिनीतून कोमट येतं, आणि ही भूगर्भशास्त्रातली गंमत ज्याला आधी कळते तो अंघोळ करतो. बाकीचे तोंडावर दोन हात फिरवून प्रभातफेरीला उभे राहतात. स्वच्छतागृहांपुढची रांग हा शिबिरातला पहिला खरा लोकशाही अनुभव असतो. गावातल्या काही घरांत अनुदानातून बांधलेली स्वच्छतागृहं असतात, पण त्यांतल्या एखाद्यात सोयाबीनचं कुटार ठासून भरलेलं निघतं आणि घरमालक सांगतो, ‘‘पावसात ओलं होते ना बाप्पा, मंग ठेवावं कोठी?’’

मग श्रमदान. विद्यार्थी गावातली नाली उपसतात आणि म्हाताऱ्या बाया ओट्यावरून सूचना देतात. ज्यांची नाली उपसली जाते ते खूश, ज्यांच्या दारापर्यंत येऊन काम थांबतं ते सरपंचाकडे. ही परंपरा थोर आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभारल्या, हजारो लोकांच्या पाठी टेकायची सोय केली, आणि स्वतः त्यांतली एक खोलीही नावावर ठेवली नाही. पाहुण्याने आधी झाडावं आणि मग जेवावं, हा क्रम त्यांचा. शिबिरातल्या पोरांना तो सक्तीने पाळावा लागतो. पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला कोणी सांगत नाही, आणि फरक दुसऱ्या दिवशी दिसतो.

दुपारी ‘बौद्धिक’ असतं. बाहेरून आलेले वक्ते व्यसनमुक्तीवर बोलतात. पहिल्या रांगेत विद्यार्थी पेंगतात, मागच्या रांगेत गावकरी तंबाखू मळत माना डोलावतात. संध्याकाळी मात्र सगळं गाव शाळेच्या पटांगणात येतं, कारण तेव्हा पोट्टे नाचतात. सात दिवसांनी टेम्पो परत जातो. तोपर्यंत निम्म्या मुलांना कोणाच्या तरी घरची भाकर लागलेली असते, एक-दोन मुली निरोपाला रडतात, आणि नाली उपसलेली असते. ग्रामीण पर्यटनाचा याहून स्वस्त आणि दोन्ही बाजूंना परवडणारा नमुना कोणी दाखवावा.

याच चौथीच्या वर्गाचे दुसरे पाहुणे पाच वर्षांतून काही रात्री येतात, आणि त्यांना नको असताना येतात. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात एक लाखाहून जास्त मतदान केंद्रं होती, त्यांतली निम्म्याहून अधिक ग्रामीण. आदल्या दिवशी मतदान यंत्र घेऊन केंद्राध्यक्ष, तीन अधिकारी आणि पोलीस एवढी मंडळी गावात उतरतात. त्यांना यंत्र सोडून जाता येत नाही आणि कुठल्याही उमेदवाराच्या माणसाचा चहाही घेता येत नाही. वऱ्हाडात हा दुसरा नियम पाळणं पहिल्याहून कठीण. एरवी ज्या गावात परक्या माणसाला तीन घरी चहा घेतल्याशिवाय रस्ता ओलांडता येत नाही, तिथे हे साहेब स्वतःच्या डब्यातला चिवडा खात बसतात आणि गाव दुरून त्यांची कीव करतं. एका रात्रीत महाराष्ट्रातले काही लाख सरकारी कर्मचारी शाळेच्या फरशीवर झोपतात. एवढी गर्दी एका रात्रीत कोणत्या पर्यटन महामंडळाने खेड्यात नेली आहे?

तिसरे पाहुणे म्हणजे वऱ्हाडी. उन्हाळ्यात शाळेला सुट्टी आणि लग्नाला मुहूर्त एकाच वेळी येतात, ही शिक्षण खात्याची आणि पंचांगाची जुनी सोयरीक. नवरदेवाकडच्या मंडळींचा जानोसा कित्येक वर्षं शाळेतच असायचा. दुपारी ४३ अंश उन्हात टिनाखाली बसलेला नवरदेवाचा मामा ‘पंखा नाही, पाणी गार नाही, चहात साखर नाही’ ही तिहेरी तक्रार करायचा. आज हॉटेलांना तारे देणारे हेच काम मोबाईलवर करतात. आता मंगल कार्यालयं झाली आणि मामांचा आवाज एसीत हरवला. चौथे पाहुणे वारकरी. आषाढीच्या आधी शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी याच मालेगाव तालुक्यातून मेडशी, शिरपूर करत रिसोडकडे जाते. पांढऱ्या कपड्यांतले, एका रांगेत चालणारे सातशेच्या आसपास वारकरी रात्री टेकतात आणि पहाटे निघतात. मागे एक कागदाचा कपटा राहत नाही. खरे पाहुणे ते.

मग सॅकवाल्याचं काय झालं? तो अजून पारावर आहे. त्याची चौकशी चालू आहे.

‘‘कोठचे हो भाऊ?’’

‘‘पुण्याचा.’’

‘‘पुण्यात कोठी? आमच्या साळ्याची पोरगी हडपसरले देली हाय.’’

तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं, चौथ्याला जेवण ठरतं. वऱ्हाडात ओळखपत्राची झेरॉक्स लागत नाही, पण त्याऐवजी द्यावी लागणारी माहिती आधार कार्डात मावणार नाही. गाव, आडनाव, पगार, लग्न झालं का, नसेल तर का नाही, आणि वावर किती. ‘वावर नाही’ हे उत्तर ऐकल्यावर गाव एकदम हळवं होतं. एवढा शिकलेला माणूस आणि एक एकरही नाही! त्या रात्री त्याला तूप जास्त वाढलं जातं.

आणि नशीब असेल तर रोडगे असतात. रोडगे हा पदार्थ हॉटेलात मिळत नाही, कारण त्याला स्वयंपाकघर चालत नाही, शेत लागतं. कणकेला तेलाचा हात लावून एकात एक थर देत गोळे वळायचे, शेतातच गोवऱ्यांचा विस्तव करायचा, ज्वाळा बसून निखारे लाल झाले की गोळे त्यात पुरायचे. मग वाट पाहायची. हे काम बहुतेक वेळा पुरुष करतात, आणि घरात कधी भांडं न उचललेला माणूस इथे विस्तवापुढे सेनापतीसारखा उभा राहतो. दुसऱ्या चुलीवर गंजात वांग्याची भाजी, इतकी तिखट की वांग्यालाच घाम यावा. रोडगा बाहेर काढला की फडक्याने राख झटकायची, मुठीत दाबून फोडायचा आणि वाफ निघत असताना तूप ओतायचं. पाहुणा नेमका याच क्षणी फोटो काढतो. चांगला कोन सापडेपर्यंत तूप गोठतं आणि शेजारचा म्हातारा दुसरा रोडगा संपवून तिसऱ्याकडे वळलेला असतो.

जेवणानंतर निसर्ग सुरू होतो.

अंगणात बाज टाकलेली, अंगावर वाकळ, वर आभाळभर तारे. शहरात असं आभाळ नसतं हे पाहुणा तीनदा म्हणतो. यजमान मात्र आभाळाकडे न पाहता मोबाईलमधलं वेळापत्रक पाहत असतो. शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते आणि त्याची पाळी रात्रीची आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर त्याला आत्ता निघावं लागेल, साप-विंचवाच्या काळोखात, गमबूट घालून. पाहुण्याला ‘नाइट वॉक’ची ही संधी वाटते आणि तो सोबत जातो. वाटेत बॅटरीच्या उजेडात दोन हिरवे डोळे चमकतात. पाहुणा दम रोखून ‘नीलगाय!’ म्हणतो. यजमान दगड उचलून ‘रोही!’ म्हणतो. एकाच जनावराला दोघे पाहतात, पण एकाला ते वन्यजीव दिसतं आणि दुसऱ्याला अर्ध्या एकराचं नुकसान. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट पाहायला तिकीट काढून लोक जातात. इथे रोही आणि रानडुक्कर फुकट येतात आणि जेवूनच जातात.

पावसाचंही तसंच. ऑक्टोबरात अवेळी सर आली की पाहुणा मातीचा वास छातीत भरून घेतो. यजमान सोयाबीनच्या सुडीवर ताडपत्री ओढायला धावतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता खरा, पण सरकारी खरेदीचा नियम ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा असा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात तो १५ पर्यंत सैल करावा लागला, यावरून त्या वर्षीचा पाऊस कसा होता ते समजा. पाहुण्याला आल्हाद देणारी प्रत्येक सर त्या टक्केवारीत जमा होते.

या सगळ्याला रीतसर धंद्याचं रूप देण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते वाईट नाहीत. बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटन सुरू केलं. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं; किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला केंद्र काढता येतं. पुण्याजवळ हे चालतं, कारण शनिवारी निघालेला माणूस रविवारी रात्री घरी पोहोचतो. वऱ्हाडात अडचणी वेगळ्या. कृषी पर्यटन दिवस म्हणून १६ मे ही तारीख साजरी होते. १६ मे ला दुपारी वाशिमच्या शेतात जो माणूस उभा दिसेल, तो पर्यटक नाही, त्याला दवाखान्यात न्यायला हवं. हुरडा पार्टी करावी तर सोयाबीनने ज्वारीला शिवारातून हुसकावलं आहे. कणसं शोधत फिरावं लागतं. बैलगाडीची सफर द्यावी तर बैल विकून ट्रॅक्टरचे हप्ते चालू आहेत.

आणि चूल. पाहुण्याला चुलीवरचंच जेवण हवं असतं. घरातल्या काकूंकडे सिलिंडर असतो. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली ती बायांच्या डोळ्यांतला धूर जावा म्हणून, आणि आता हौशी पाहुण्यांसाठी तोच धूर पुन्हा डोळ्यांत घ्यायचा. काकू फुंकणीने जाळ करतात, पाहुणा ‘काय चव आहे’ म्हणतो. काकू हसून म्हणतात, ‘‘खा बाप्पा, घरचंच हाय.’’ त्या रात्री कोणाची सुट्टी होती आणि कोणाची नव्हती, हे कुठल्याही पॅकेजच्या पत्रकात छापलेलं नसतं.

तेव्हा ज्यांना जऊळक्याकडे जायचं आहे त्यांनी खुशाल जावं, पण सोंगणीच्या दिवसांत जाऊ नये. गेलात तर विळा धरावा. डिसेंबर-जानेवारी उत्तम. ओळखीचं घर नसेल तर ग्रामपंचायतीला आणि मुख्याध्यापकांना आधी विचारा, शाळेला सुट्टी असेल तर वर्ग मिळू शकतो. अंथरूण-पांघरूण आणि मच्छरदाणी आपली न्या. जेवणाऱ्यांचा आकडा आदल्या संध्याकाळी सांगा, कारण भाकरी मोजून थापल्या जातात, आणि पैसे काकूंच्या हातात द्या, काकांच्या नाही. निघताना वर्ग झाडा, बाकं जागेवर लावा आणि फळा पुसू नका. तो गुरुजींचा असतो.